गावच्या शाळेला हातभार लावायचा, तर सुरुवात कुठून?

प्रश्न विचारणारे गृहस्थ गुहागर तालुक्यातले. मुंबईतली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आम्ही सात-आठ जण जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी काही करायचं म्हणतोय. पट १४. गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाने दिलेले दोन संगणक धूळ खात पडलेत. आम्ही गेलो की गुरुजींचा चेहरा खुलतो असंही नाही. यातून गावाचं खरंच काही भलं होतं का? होत असेल तर सुरुवात कुठून करायची?"

मी रत्नागिरी जिल्ह्यात ३३ वर्षं प्राथमिक शाळेत काढली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करायला. राजापूर, गुहागर, दापोली असा फिरलो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

भलं होतं. मात्र ते संगणकांनी होताना मी क्वचित पाहिलं, आणि १५ ऑगस्टला येऊन वह्या वाटल्याने मुलं दोन दिवस खूश होतात, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला, पाऊस असो की ऊन, शाळेच्या पायरीवर येणारं एक माणूस मिळालं की शाळेत फरक पडतो. आणि पुढे तो फरक गावात उतरतो. कसा, ते सांगायला मला आधी आपल्या गावांच्या रचनेकडे यावं लागेल.

कोकणातलं गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक वाडी खाडीला, एक डोंगराच्या कुशीत, मधे दोन-तीन पऱ्हे, म्हणजे ओढे. प्रत्येक वाडीचं वेगळं मंडळ, वेगळी सत्यनारायणाची पूजा, जाखडी नाचाचा वेगळा संच, मुंबईतली खोलीसुद्धा वेगळी. शिमग्यात मानपानावरून पालखी अडलेली मी पाहिली आहे आणि त्या एका दिवसाचा राग पुढे पंधरा-पंधरा वर्षं चाललेलाही पाहिला आहे. अशा गावात दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराची पंगत बसते, तेव्हा खारवीवाड्यातलं, कुणबीवाडीतलं, बौद्धवाडीतलं, मोहल्ल्यातलं पोर मांडीला मांडी लावून खिचडी खातं. रोज एका रांगेत बसणारी गावातली एवढी एकच जागा उरली आहे. गावातल्या माणसांनी शाळेत यायचं ते या रांगेसाठी. तुम्ही सात-आठ जण कुठल्या वाडीचे आहात, हे मी म्हणून लगेच विचारतो. सगळे एकाच वाडीचे असाल तर कामाला हात घालण्याआधी बाकीच्या वाड्यांतून निदान एकेक माणूस जोडा. ते जमेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. नाहीतर "ती त्यांची शाळा" असं एकदा पडलं की ते पुसायला फार दिवस लागतात.

राजापूर तालुक्यात असतानाची गोष्ट. शाळा अलीकडे, दोन वाड्या पलीकडे, मधे पऱ्ह्या आणि त्याच्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. साकवाला एका बाजूचा कठडा नव्हता. जुलैत पाणी चढलं की मी वर्गात शिकवत असायचो, पण जीव साकवावर. एक दिवस गोदीतून निवृत्त होऊन गावी आलेले एक काका शाळेत आले आणि शाळेला काय देऊ म्हणाले. पंखा देऊ का, कपाट देऊ का. मी म्हटलं, काका, काही देऊ नका. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी पाचला साकवाजवळ उभे राहाल का?

त्यांना ते पटलं नसावं, कारण चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी छत्री आणि खांद्यावर इरलं घेऊन हजर. आठवड्याभरात त्यांनी साकवाच्या चिऱ्याच्या खांबावर तेलाच्या रंगाने वीतभर लांबीची लाल खूण ओढली. पाणी खुणेला लागलं की पोर पलीकडून अलीकडे येणार नाही, हा त्यांचा नियम. मग ते शिटी मारायचे. पलीकडच्या काठावर पहिलंच घर होतं, त्याची पडवी मोठी. त्या घरातली सून बारावी झालेली. शिटी ऐकली की ती पडवीत चटई टाकायची आणि अडकलेल्या मुलांकडून पाढे म्हणून घ्यायची, पुस्तकातला धडा वाचून घ्यायची. मी तिला सोमवारी आठवड्याचं काम एका कागदावर लिहून द्यायचो. एवढीच व्यवस्था. पैसा लागला तो रंगाच्या डब्याचा.

काका वहीत तारीख घालायचे. त्या पावसाळ्यात ११ दिवस पाणी खुणेच्या वर गेलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत साकवाच्या दुरुस्तीचा अर्ज गेला तेव्हा त्या वहीची नक्कल अर्जाला जोडली. यापूर्वी तीन अर्ज गेले होते, सगळे "मुलांना त्रास होतो" एवढ्याच मजकुराचे. या वेळी तारखा होत्या. कठडा पुढच्या मे महिन्यात झाला.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढे घडलं. त्या पलीकडच्या दोन वाड्यांचं सहाणेच्या, म्हणजे पालखी टेकवण्याच्या, जागेवरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मुलं एका पडवीत अडकायची म्हणून दोन्हीकडच्या आया तिथे मुलांना न्यायला यायच्या. पाऊस थांबेपर्यंत बसायच्या. आधी नुसत्या बसायच्या, मग कुणी डबा आणायचं. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, ते अजून आहे. पण साकवाच्या अर्जावर दोन्ही वाड्यांच्या सह्या एकाखाली एक आल्या, आणि गावात कुणाला तरी आठवण काढावी लागली की असं शेवटचं कधी झालं होतं.

आता गुरुजींचा चेहरा. त्याचा राग मानू नका. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता, त्यात रोजच्या आहाराची नोंद, वरून मागवलेली माहिती, आणि ती बहुतेक आजच्या आज हवी. शाळेत पाहुणा आला की चहा, हार आणि फोटो. शिवाय प्रत्येक शिक्षकाच्या गाठीला एक तरी अनुभव असतो, की गावातली उत्साही मंडळी आली, महिनाभर फिरली, शाळेतल्या उणिवा मोजल्या आणि तालुक्याला तक्रार करून निघून गेली. तुमचे गुरुजी तुम्हाला जोखत असतील तर ते बरोबरच आहे. त्यांना जाऊन "आम्ही काय करू?" असंही विचारू नका, कारण ते संकोचाने "काही नको" म्हणतील. विचारा, "तुमचा शिकवण्याचा वेळ कशात जातो?" मग खरी यादी बाहेर येते. पाण्याची टाकी भरायला कुणी नाही. आहाराचे तांदूळ रस्त्यावरून शाळेपर्यंत डोक्यावर आणावे लागतात. पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही. त्यातलं एक काम घ्या आणि वर्षभर सोडू नका. आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं प्रत्येक घर करतं. त्यात शाळेची शाकारणी धरली, फुटकी कौलं बदलली, वासे-रिपा ठोकून पाहिल्या, तर मृगाच्या पहिल्या सरीला दुसरीचा वर्ग कोपऱ्यात सरकून बसणार नाही. भाताच्या लावणीला सावड करतो तशी ही वाडीवार सावड लावून घ्या. या वर्षी या वाडीने, पुढच्या वर्षी त्या वाडीने.

संगणकांचं म्हणाल तर ते का बंद पडले ते आधी शोधा. किनाऱ्याची खारी हवा आत शिरते, चार महिने दमट, वीज जाते-येते, कधी बिल थकून जोडणीच तुटते. आणि सगळ्यात मोठं कारण, ते चालू ठेवणं हे कुणाचंच काम नसतं. मंडळाने वस्तू दिली, फोटो काढला, गुरुजींनी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद केली, तिथे प्रवास संपला. तुमच्यातल्या एकाला यातलं कळत असेल तर त्याने महिन्याचा एक शनिवार बांधून घ्यावा आणि दुरुस्त होत असतील तर करावेत. होत नसतील तर गुरुजींना रीतसर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव पाठवू द्या आणि खोलीतली जागा मोकळी करा. मंडळाला पुढचं काही द्यायचं असेल तर त्यासोबत तीन वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्ती कोण बघणार, हे आधी लिहून घ्या.

तुमच्यासारख्या मंडळींनी खरा वेळ द्यावा असं मला कशात वाटत असेल तर वाचनात. २०२१ मध्ये निपुण भारत सुरू झालं, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत. २०२२ पासून आपल्या राज्यात पहिलीच्या आधी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि त्यातून आयांचे मातागट तयार झाले आहेत. कागदावर बऱ्याच शाळांत आहेत. त्यांना जिवंत ठेवायला गावातली माणसं लागतात. पद्धत सोपी आहे. एका स्वयंसेवकाकडे चार मुलं, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. तीच चार मुलं पूर्ण सत्र. मुलं बदलत राहिलात तर ती तुमच्यापुढे अडखळायला लाजतात, आणि अडखळल्याशिवाय वाचन येत नाही. घरची बोली बोलू द्या. संगमेश्वरी असो, मोहल्ल्यातली कोकणी असो की कातकरी मुलांची बोली असो. गोष्ट आधी तिच्यात सांगू दे, मग पुस्तकातली वाचू दे. बोलीला हसलात तर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही.

आंब्याच्या बागांत आणि बोटींवर नेपाळची कुटुंबं कामाला येतात, हे तुमच्याही भागात असेलच. आज किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांचा पट या मुलांनी धरून ठेवला आहे. अशीच एक तिसरीतली मुलगी, बागेच्या राखणदाराची. अक्षरं देवनागरीच, त्यामुळे ती भराभर वाचायची, पण 'ळ' आला की 'ल' म्हणायची. "फळा"चं "फला". तिच्या बोलीत तो उच्चारच नाही. वाचनाच्या तासाला खारवीवाड्यातल्या एक आजी येऊन बसायच्या. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, मी त्यांना गोष्टी सांगायला बोलावलं होतं. त्या मुलीचं ऐकून आजी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं बघ. जीभ वर टाळूला लाव नि मग सोड." आणि मग एकामागून एक, मासळी, जाळं, नारळ, होळी, टोळ. पोरगी आजीच्या तोंडात डोकावून बघायची आणि म्हणायची. पंधरा दिवसांनी तिला 'ळ' आला. मग तिने आजीला तो पाटीवर काढायला शिकवलं, कारण आजींच्या आडनावात 'ळ' होता आणि त्यांना बँकेत अंगठा लावायची लाज वाटायची. जूनमध्ये सुरू केलेलं काम दिवाळीच्या सुटीआधी संपलं. आजी सही करायला लागल्या.

प्रौढांच्या साक्षरतेसाठी आता 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ असा. तो स्वयंसेवकांवरच चालतो, मानधन नाही, आणि त्याची घडी शाळेभोवतीच बसवलेली आहे. तुमच्या गावात साक्षर न झालेली माणसं आहेत का, याची यादी गुरुजींकडे मिळेल. मुलांचं वाचन आणि मोठ्यांचं वाचन एकाच पडवीत बसवता आलं तर बसवा. शाळेच्या वेळेत जागा हवी असेल तर शनिवारची सकाळची शाळा बरी. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आहे, त्यात गावातल्या कारागिराला, शेतकऱ्याला, जाळं विणणाऱ्याला बोलावण्याची सोय गुरुजींना सहज काढता येते. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोजताना पाचवीच्या मुलांना मापन जेवढं कळतं, तेवढं फळ्यावर मला कधी शिकवता आलं नाही.

गावाला शाळेची गरज किती, हे मला निसर्ग वादळात कळलं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. मी तेव्हा दापोली तालुक्यात होतो. त्याआधीचा महिनाभर शाळांच्या खोल्यांत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते. त्यावरून गावागावात कटुता आली होती, सख्खा भाऊ दारातून परत गेला असेही प्रकार झाले. वादळात घरांचे पत्रे, कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज कित्येक आठवडे नव्हती, मोबाइल मुका. कुणाच्या घरात तान्हं मूल आहे, कुठे म्हातारी एकटी आहे, हे कुणाला विचारणार? ते शाळेच्या कपाटात होतं. शिक्षक दरवर्षी घरोघर फिरून दाखलपात्र मुलांसाठी कुटुंब सर्वेक्षण करतात, त्याची हाताने लिहिलेली नोंदवही. ती भिजली होती. आम्ही पानं सुटी करून वर्गात दोरीवर वाळत घातली. गावातल्या पाच मुलांनी वाडीवार पानं वाटून घेतली आणि दोन दिवसांत प्रत्येक घराला जाऊन आली. त्या पाचांतले दोघे आदल्या आठवड्यापर्यंत त्याच शाळेत विलगीकरणात होते. ज्यांनी त्यांना गावात घ्यायला नको म्हटलं होतं, त्यांच्याच घरावर ते पत्रे चढवत होते. तुम्हाला आपत्तीची तयारी म्हणून काही करायचं असेल तर ही वही नीट करा. वाडीवार, घरवार, हाताने लिहिलेली, एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पाण्याचंही थोडं सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते खाडीला जाऊन मिळतं. नोव्हेंबरात पऱ्ह्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, तेव्हा शाळा मदतीला घ्यावी. मुलांना गोण्या उचलायला लावू नका, ते मोठ्यांचं श्रमदान. मुलांना मोजायला द्या. सहावी-सातवीच्या मुलांनी दर महिन्याच्या १ तारखेला गावातल्या चार विहिरींत गाठी मारलेली दोरी सोडायची आणि पाणी किती हात खाली आहे ते फळ्यावर लिहायचं. सोबत मोठं माणूस हवंच, विहिरीचा काठ आहे. दोन वर्षांचे आकडे जमले की कुठला बंधारा उपयोगी पडला ते भांडण न होता ठरतं.

काम टिकतं कसं याचं आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण वेळासचं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि गावाने ते आपलं मानलं. रात्री किनाऱ्यावर फिरायचं, अंडी कुंपणात हलवायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. दरवर्षी तेच काम. तुमच्या शाळेसाठीही एक काम असंच हवं, ज्याचा कंटाळा येईपर्यंत ते करावं आणि कंटाळा आल्यावरही करावं.

कायद्याची बाजू माहीत असू द्या, म्हणजे गुरुजींच्या मागे न लागता योग्य दारातून आत जाता येईल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणात रस असलेले गावकरी वगैरे येतात. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. तुमच्या मुलाचं नाव त्या शाळेत नसलं तरी समितीच्या बैठकीला निमंत्रित म्हणून जाता येतं. तुमचं काम त्या आराखड्यात लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी बाई सदस्य असतात पण बैठकीत बोलतो तिचा नवरा किंवा सासरा. ते मोडायचं असेल तर बैठक भाताच्या कामाच्या वेळेत किंवा संध्याकाळी चुलीच्या वेळेत घेऊ नका. वेळ बदलली की बायका येतात आणि बोलतात.

पैशाचं सरळ ठेवा. कुणीही काही दिलं तर ते समितीच्या खात्यात, पावती फाडून. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला मुलांसमोर, गावासमोर जमाखर्च वाचून दाखवा, ७० रुपयांच्या झाडूसकट. एका गावात चार-पाच वर्षं उत्तम चाललेलं काम मी फक्त हिशेब न वाचल्याने बंद पडलेलं पाहिलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पण कुणी विचारलं, दुसऱ्याला राग आला, आणि वाड्या पुन्हा वेगळ्या झाल्या. त्याची हळहळ मला आजही आहे.

मुंबई मंडळाला मात्र दूर ठेवू नका. ही आपली जुनी रीत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. शाळकरी वयात ते गावच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, आणि पुढे मुंबईला गेल्यावर त्यांनी मुरुडच्या माणसांकडून वर्गणी जमवून गावासाठी मुरुड फंड उभा केला. आजचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. मे मधल्या एका संध्याकाळी शाळेतच बैठक घ्या, देवळात किंवा कुणाच्या ओटीवर नको. त्यांच्याकडून वस्तूंऐवजी नियमाची छोटी रक्कम मागा, म्हणजे आहारात पूरक केळी-शेंगदाणे, पुस्तकं, वीजबिल. वाढदिवसाचं जेवण मुलांसोबत करायचं असेल तर पोषण आहाराच्या योजनेत तिथीभोजनाची सोय आहे. परसबागेला वई, म्हणजे कुंपण, घालून दिली, अळू-भोपळ्याचं बी दिलं, तरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा भार हलका होतो.

एक गोष्ट मी कुठल्याही ओळखीखातर सैल करत नाही, आणि तुम्हीही करू नका. मुलांची सुरक्षा. स्वयंसेवक कितीही घरचा असो, एकटा एका मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही. वाचनाचा तास व्हरांड्यात किंवा उघड्या दाराच्या वर्गात, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. नियमित येणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घ्या, सरपंचाच्या भावाचीसुद्धा. मुलांचे फोटो गटावर टाकताना पालकांना विचारा. राज्याने २०२२ मध्ये शाळांसाठी मुलांच्या सुरक्षेची सखी सावित्री समिती सांगितली आहे, ती तुमच्या शाळेत आहे का ते बघा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीला लिहा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावात बसून मिटवणं हा पर्याय नाही.

शिक्षकाची जागा तुम्ही घेऊ नका. साठ मुलांपर्यंतही दोन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. एक जागा रिकामी असेल आणि तुम्ही रोज जाऊन वर्ग सांभाळायला लागलात, तर ती जागा भरायची घाई कुणाला राहत नाही. मी एका शाळेत ते होताना पाहिलं. बीएड झालेली गावातली मुलगी दोन वर्षं फुकट शिकवत राहिली, आणि शेवटी तिच्याही पदरात काही पडलं नाही, शाळेच्याही. तुम्ही पूरक तास घ्या आणि रिकाम्या जागेसाठी समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवत राहा, दर महिन्याला, पोच घेऊन.

१४ पटाची शाळा किती दिवस राहील, ही भीती तुमच्या प्रश्नात आहे, लिहिली नसली तरी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले, तेव्हापासून ती प्रत्येक वाडीत आहे. सपाट मुलखात चार किलोमीटर म्हणजे एक फेरी. आपल्याकडे त्या चार किलोमीटरांत घाटी आहे, दोन पऱ्हे आहेत आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. पहिलीतलं पोर ते चालणार कसं? स्वयंसेवक असले म्हणून शाळा वाचतेच असं वचन मी देऊ शकत नाही. पट घटतो तो माणसं गाव सोडतात म्हणून, आणि उरलेली इंग्रजी शाळेच्या गाडीत मुलं बसवतात म्हणून. एवढं मात्र पाहिलं आहे, की ज्या शाळेच्या व्हरांड्यात गावची माणसं दिसतात, तिथे गाडीत बसलेली दोन-तीन मुलं परत येतात, कारण आईला दिसतं की शेजारणीचं पोर वाचतंय.

तेव्हा येत्या शनिवारी सकाळी शाळेत जा. सगळे आठ जण नको, दोघेच जा, वेगवेगळ्या वाड्यांचे. हार-नारळ नको, फोटो नको. गुरुजींना तो वेळेचा प्रश्न विचारा आणि येताना १४ मुलांची नावं वहीत उतरवून आणा, वाडीसकट. पुढच्या शनिवारी गेलात की प्रत्येकाला नावाने हाक मारता आली पाहिजे.